वसंतआबांचा न मरणारा शिपाई

मंडळी, धुळ्यापासून पार पिंपळनेरपर्यंतची माणसं आज इथं आलीत. मी बोलायला उभा राहिलो खरा, पण मला भाषण येत नाही. सांभाळून घ्या.

आबा गेले. आमचे वसंतआबा. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहिली. ती तरी कसली? दोन राजे झेंड्याच्या काठीवरून लढतात! याची उंच की त्याची? दोघंही काठीला काठी जोडत जातात. झेंडे ढगात दिसेनासे होतात आणि शिपाई ढगांनाच सलाम ठोकत मरतात. एक शिपाई मात्र मरायलाच तयार नाही. राजानं त्याच्या बलिदानावर भाषण सुरू केलं, की हा तिरडीवर उठून बसतो. म्हणतो, "महाराज, ते राहू द्या. माझ्या म्हशीचं दूध कोण काढतंय?"

हसलात ना? हसा. पण आबांचा जीव इथंच अडकला होता. त्यांच्या शेजारच्या नानांचा मुलगा फौजेत होता. सीमेवर लढताना गेला. आबा मला म्हणाले, "नानांच्या मनाला लागलं, तर हे सगळं चुलीत घालीन." मी म्हटलं, वेडे आहात का? एवढी मेहनत! पण ऐकतील तर ते आबा कसले?

मग थंडीत मळ्यात भरीत केलं. नानांना बोलावलं. वांगी भाजायचं काम माझ्याकडे. आबा वाचायला लागले. नाना मान खाली घालून बसलेले. वाचता वाचता म्हशीच्या वाक्यापाशी आले आणि आबांना पुढे वाचवेना. मी तर वांगी उलटायचीच विसरलो. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात त्यांचा पार कोळसा झाला.

नाना म्हणाले, "का बरं थांबनात, आबा? वाचा. हाऊ शिपाई मना पोऱ्याच शे." आबांचा शिपाई म्हणजे त्यांचाच पोरगा! आणि हसायला लागले. रडत रडत हसले.

मंडळी, मुलगा गेल्यापासून त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. सगळे येऊन त्याच्या फोटोला सलाम करायचे. तो घरी कसा होता, हे कुणी विचारायचंच नाही. आबांनी त्या म्हशीच्या निमित्तानं तेच विचारलं. यासाठी मला आबा फार मोठे वाटतात.

त्यांना देशद्रोही म्हणणारेही निघाले. त्यांच्याशी मी काय वाद घालू? नाना इथं पुढेच बसलेत, त्यांना विचारा.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत. आबांची एखादी ओळ आठवून हसू फुटलं, तर दाबू नका. नानांची परवानगी आहे.