सतरा नंबरचं कार्ड

नाही सर, पत्र वाचलंय मी. चारदा वाचलंय. 'आपल्या पेशंटला खऱ्या उपचाराच्या तीसही बैठका मिळाल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या फेरीत त्यांना घेता येणार नाही' — हेच ना? तर त्यातलं 'तीसही' हे चुकलंय, एवढंच सांगायला आले. पंधरा मिळाल्या. पंधराच. बाकीच्या पंधरा राहिल्यात, त्या तेवढ्या द्या, आम्ही पुन्हा तोंड दाखवणार नाही. — बसते की. थँक्यू. खालच्या बाई म्हणाल्या, डॉक्टर भेटणार नाहीत, पण आकड्यांचं सगळं बघणारे सर दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत बसतात, यादी त्यांच्याकडेच असते. म्हणून आले. पाच मिनिटं फक्त. हे बाहेर बाकावर आहेत, आमच्याबरोबर उपचाराला यायचे त्या सुतारांची मुलगी बसलीय त्यांच्याजवळ, तिच्याकडे सोपवून आलेय.

हजेरी? हजेरी तीस दिवसांची आहे, बरोबर. एक दिवस चुकवला नाही आम्ही. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. मी लाँड्रीत सकाळची पाळी बदलून दुपारची घेतली, कशासाठी? त्या वीस मिनिटांसाठी. ह्यांनी खुर्चीत बसायचं, मशीनवरच्या ताईंनी ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तारेची गुंडाळी डोक्याच्या डाव्या बाजूला धरायची, आणि ते टक्-टक्-टक् — कापाकापी नाही, गोळी नाही, सुई नाही, नुसतं चुंबक. माहितीपत्रक मला पाठ आहे, सर. मेंदूच्या ज्या बाजूला झटका आला तिथल्या झोपलेल्या भागाला जागं करायचं, असं डॉक्टरांनी पहिल्या दिवशी चित्र काढून दाखवलं होतं. आणि हेही सांगितलं होतं, की अर्ध्या लोकांना खरं मिळेल आणि अर्ध्यांना नुसता आवाज. आवाज तोच, खुर्ची तीच, पण आत काही नाही. मी विचारलं, असं का करता हो? आजारी माणसाशी असा खेळ का? तर म्हणाले, झटक्यानंतर पहिले काही महिने मेंदू आपला आपणही सुधारत असतो, आणि माणसाला आशा वाटली की त्यानेही सुधारतो, मग सुधारणा चुंबकाची की आशेची हे कळणार कसं? पटलं मला. तेव्हा पटलं. सही केली मी. ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला.

ह्यांना तुम्ही पाहिलं नसेल ना? तुमच्याकडे नंबर असतो नुसता. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं ह्यांनी. अकराव्या मजल्यावर मशीनच्या खोलीत होते, हातात पाना, आणि तसेच खाली बसले. उजवा हात गेला, पाय निम्मा आला परत, आणि बोलणं — बोलणं म्हणाल तर एकच शब्द उरला. 'उद्या'. भूक लागली, उद्या. दुखतंय, उद्या. मुलीचा फोन आला, तिने विचारलं बाबा कसे आहात, तर उद्या, उद्या, उद्या — आणि डोळ्यांत पाणी. मजा बघा, लोकांची लिफ्ट अडकली तर ह्या माणसाने जन्मात कुणाला 'उद्या येतो' म्हटलं नव्हतं. जेवणावरून उठून जायचे. मी हसायचे सुरुवातीला. खरंच सांगते, हसायचे. दोघंही हसायचो. मग ते हसायचे थांबले.

हं? पंधरा कशावरून? — सांगते ना. तेच सांगतेय. मशीन बिघडलं होतं का म्हणता? नाही, नाही, मशीन चांगलं होतं, ताईंची काही चूक नाही, त्यांचं नाव कुठे लिहू नका. आमच्यासोबत सुतार यायचे, बघा. त्यांची वेळ आमच्यानंतरची. त्यांनाही झटका तसाच, महिनाही तोच, बोलणं तसंच गेलेलं. त्यांची मुलगी आणि मी, दोघी बाहेर बसायचो, तिची आई नाही, ती मला मावशी म्हणायची, मी तिची वेणी घालून दिलीय एकदा तिथेच बाकावर. फार गुणी पोर. तर तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी सुतार आतून बाहेर आले, खुर्चीत बसले, जरा हलले, आणि म्हणाले, 'ही खुर्ची डुगडुगतेय.' — अख्खं वाक्य, सर! चार महिन्यांतलं पहिलं! पोरगी नाचायचीच बाकी राहिली. मला मिठी मारली तिने. मी पण मारली. आणि तिच्या खांद्यावरून ह्यांच्याकडे बघितलं, तर हे सुतारांकडे बघत होते. असं बघत होते, की — जाऊ द्या. घरी जाईपर्यंत 'उद्या'सुद्धा म्हणाले नाहीत.

मला वाटलं, झालं, कळलं. सुतारांना खरं आहे, आपल्याला खोटं. सरळ दिसतंय, त्यात आकडे कसले जोडायचे? शनिवार-रविवार माझ्या डोक्यात तेच. आम्हाला पाकिटं मिळायची ना खाली, त्यात ते प्लास्टिकचं कार्ड असायचं, मशीनमध्ये घालायचं, खरं चालणार की नुसता आवाज ते त्या कार्डावरच ठरायचं. पाकिटावर नाव, कार्डावर नुसता नंबर. ताईंनाही ठाऊक नसायचं कुठलं कार्ड खरं. आमचं सतरा, त्यांचं तेवीस. सोमवारी सुतारांच्या मुलीला बस मिळायला उशीर झाला, तिने फोन केला, मावशी, बाबांचं पण पाकीट घेऊन ठेवाल का? घेतलं. जिन्यात दोन्ही पाकिटं माझ्या हातात. मी लाँड्रीत आहे सर, हॉटेलच्या चादरी, प्रत्येकीला टॅग. टॅग बदलायला किती वेळ लागतो? एवढाही नाही लागत.

हो. बदलली मी. — तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. एकदाच बदलली. पुढे ती आपोआप त्याच पाकिटात परत जात राहिली, मला काही करावं लागलं नाही. आणि बुधवारी — तिसऱ्याच दिवशी सर — ह्यांनी 'पाणी' म्हटलं. स्वयंपाकघरात आले, भिंतीला धरून, आणि स्पष्ट म्हणाले, पाणी. माझ्या हातातला पेला पडला. मी म्हटलं, बघ, बरोबर केलंस तू. पाप केलंस पण बरोबर केलंस. पुढचे दोन आठवडे मी सुतारांच्या मुलीच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. रोज वाटायचं, आज सुतार मागे जातील, आज त्यांचं बोलणं बंद पडेल, माझ्यामुळे. पण ते आपले पुढेच. खिडकी लावा म्हणाले, माझी करवत कुठे म्हणाले. आणि हे? 'पाणी' आठवडाभर टिकलं. मग तेही गेलं. आता परत उद्या.

आणि आता तुमचं पत्र येतं, की सतरा नंबर खरा होता. — सतरा आमचा होता, सर! पहिल्यापासून आमचाच होता! त्या पोरीचा फोन आला, मावशी, बाबांना खोटं होतं म्हणे, तरी एवढं आलं, आता दुसऱ्या फेरीत खरं देणार आहेत, तुम्हाला काय आलं? मी म्हटलं, आम्हाला खरं होतं गं. ती म्हणाली, बरं झालं मावशी, तुम्हाला तरी खरं मिळालं. — फोन ठेवला आणि मोरीत जाऊन बसले मी. तीन आठवडे खरं चाललं होतं. आत कुठेतरी काहीतरी जुळत आलं असेल, त्या तीन आठवड्यांचंच 'पाणी' असेल ते, आणि नेमकं तेव्हाच मी माझ्या हाताने — ह्या हाताने — काढून घेतलं. सुतारांचं हिसकावायला गेले आणि ह्यांचंच काढून त्यांना दिलं.

सांगता येत नाही? असं कसं सांगता येत नाही? एवढी यंत्रं, एवढे कागद, चाळीस माणसं बसवलीत तुम्ही त्या खुर्चीत! — हं. हं. म्हणजे चाळीसांचं मिळून सांगता येतं, थोडा फरक आहे, तोही थोडाच. आणि एका माणसाचं सांगता येत नाही. पण मला एकाच माणसाचं हवंय, सर. मला चाळीस नवरे नाहीत. एकदा सांगा ना, तीन आठवडे आणखी चाललं असतं तर ते बोलले असते का? हो की नाही? — 'माहीत नाही' हे काय उत्तर झालं? तुम्ही शिकलेली माणसं. खोटं तरी बोला. नाही म्हणा, नसते बोलले, तुम्ही बदललं नसतं तरी नसते बोलले, एवढं म्हणा, मी जाते.

बरं. नका म्हणू. मग पंधरा बैठका द्या. कबूल केलं ना मी? ज्यासाठी कबूल केलं ते तरी द्या. — काय लिहिताय? सुतारांचं काय? त्यांचा काय संबंध, त्यांनी काही केलं नाही, त्या पोरीला काही माहीत नाही. — थांबा, मला नीट सांगा. दुसरी फेरी फक्त ज्यांना एकदाही खरं मिळालं नाही त्यांना. बरोबर. ह्यांना तीन आठवडे मिळालं, म्हणून हे नाहीत. आणि सुतारांना... पुढचे तीन. माझ्यामुळे. म्हणून तेही — नाही सर! नाही! आज त्यांची पहिली बैठक आहे, अकरा वाजता, म्हणून तर आलेत ते, नवा शर्ट घातलाय त्यांनी! खोडा ते. पेन खाली ठेवा आधी. मी काही बोललेच नाही असं समजा, बाई भ्रमिष्ट आहे, नवऱ्याच्या आजारपणात डोकं फिरलंय, बरळली काहीतरी — लिहा हवं तर तसं. पत्र बरोबर आहे तुमचं. तीस मिळाल्या. तीसही मिळाल्या आम्हाला. आम्ही जातो घरी.

...कळतं मला. नाही कळत असं नाही. एक टॅग चुकला तर नुसती एक चादर जात नाही, अख्खा गठ्ठा उलगडावा लागतो. तुमच्या ह्या कागदांवर उद्या दुसरीकडचे डॉक्टर ठरवणार, कुणाला हे द्यायचं, कुणाला नाही. त्यात माझं खोटं मिसळलेलं नको. बरोबर आहे तुमचं. पाणी प्या सर. तुम्हीही काय करणार.

आणखी एक लिहा. लिहिताच आहात तर. मी मघाशी म्हटलं, ह्यांच्यासाठी केलं. ह्यांच्यासाठी होतंच. पण जिन्यात ती कार्डं हातात होती तेव्हा मला हे दिसत नव्हते. मला ती डुगडुगणारी खुर्ची दिसत होती. तो माणूस बोलला ह्याचा मला राग आला होता. बस, आता झालं सगळं.

सही कुठे? इथे? — आणि सुतारांच्या मुलीला तुम्ही नका बोलवू. तुम्ही नियम सांगाल, तिला वाटेल यादीतच काहीतरी चूक झाली. मी सांगते. इथेच सांगते, तुमच्यासमोर, म्हणजे मला पळता येणार नाही. दार उघडते मी.

ये गं आत. अगं नाही, ह्यांना काही झालं नाही, दोघांनाही तिथेच बसू दे, आपल्याला इथून दिसताहेत ते. ये. रडत नाहीये मी. बस त्या खुर्चीवर. — असू दे, मी उभीच बरी. तुला एक सांगायचंय, बाबांच्या कार्डाबद्दल. — नाही, तू आधी माझा हात सोड. सोड गं. हात सोड, मग सांगते.