चेहऱ्याचा रंग

हनादी : उरलेला रंग कालव्यात नाही ओतायचा, बाबा. ओतायचंच असेल तर आधी माझ्या अंगावर ओता.

बाबा : सर बाजूला. शाळेत हेच शिकवतात का, बापाला आडवं जायला?

हनादी : तेही शिकवतात. आणि हे पण, की तेलाचा रंग पाण्यात विरत नाही, तरंगत जातो. पुढच्या वळणावर खैरियाचाचीच्या म्हशी डुंबतात. निळ्या म्हशीचं दूध प्याल?

बाबा : सगळा गाव ओततो.

हनादी : सगळा गाव हजला गेलेल्याच्या घरावर चित्रही काढतो, तो मक्केहून परतायच्या आत. मग आपल्या भिंतीवरचं आईचं चित्र तुम्ही चुन्यानं पुसायला का निघालात?

बाबा : ज्यांचं माणूस परत येतं, त्यांनी ठेवावं.

(बाबा रंगाचे डबे काठावर ठेवतात.)

हनादी : निळा नि हिरवा चाचीला हवाय, खिडक्यांना. सकाळीच विचारून आले. वर म्हणाली, तुझ्या बापाचं तोंड बघून आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या.

बाबा : तिची जीभ कधी थकायची नाही. आणि पांढरा?

हनादी : आत्या नेणार, चुलीमागच्या भिंतीला.

बाबा : हा छोटा डबा?

हनादी : हा कुणाला द्यायचा? चेहऱ्याच्या रंगाची खिडकी कोण करतं? रशवानमामानं भिंत रंगवताना आईसाठीच घोटला होता. म्हणाला, तोंड ती आल्यावर काढू, समोर बसवून. उन्हानं किती रापते ते बघू.

बाबा : हं.

हनादी : बाबा, मी काढू? काबासमोर ती उभी आहे, पांढऱ्या कपड्यात, आणि तोंडाच्या जागी नुसती भिंत. मला जमेल. शाळेच्या फाटकावरचे बगळे मीच काढलेत, लोक थांबून बघतात. पासपोर्टचा फोटो आहे की आपल्याकडे.

बाबा : त्या फोटोत ती घाबरलेली आहे. लक्सर शहरातल्या त्या फोटोवाल्यानं श्वास रोखायला लावला होता.

हनादी : मग आठवून काढते.

बाबा : तिकडच्या बायांनी तिला न्हाऊ घातलं, तिकडच्या माणसांनी पुरलं. फोनवर म्हणाले, पवित्र मातीत आहे, नशीबवान. मी हो म्हटलं. तोंड कुणी दाखवलं नाही. आता अंदाजानं काढलेलं तोंड दारात रोज बघू? बघता बघता तेच खरं वाटायला लागेल, पोरी. माझ्याजवळ आहे ते निघून जाईल.

हनादी : हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबा : येऊही नये, तुझ्या वयात.

हनादी : बरं, तोंड नको. पण चुना पण नको ना, बाबा. बाकीचं राहू द्या.

बाबा : चित्रातलं विमान जातानाचं आहे ना?

हनादी : जातानाचंच. येतानाचं मामा मागाहून काढणार होता.

बाबा : मग राहू दे. तेवढं खरं आहे.

हनादी : आणि हा डबा?

बाबा : तूच सांग, शिकलेली तू.

हनादी : भुसा घालून घट्ट होईपर्यंत ढवळायचं. मग उघडाच ठेवायचा, पार दगड होईस्तोवर. तेव्हा कुठे कचऱ्याच्या गाडीत टाकायचा, म्हणजे कुठे झिरपत नाही.

बाबा : गाढवापुढच्या पाटीतला घे.

हनादी : आणला. मी ढवळू, की तुम्ही?

बाबा : तू ढवळ.

हनादी : लगेच घट्ट होतोय हो. काठी फिरेना.

बाबा : हळू. हळू ढवळ, पोरी.