पडली म्हणून गेली नाही

“हॅलो?… हो, बोल शुभांगी. मीच बोलतेय… नाही गं, दुकानातच आहे. बोल ना.”

शालिमारजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सविताचं कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. शुभांगीला फोन करायचा म्हणून सकाळपासून तिने कितीदा तरी मोबाईल हातात घेतला आणि परत ठेवला. शेवटी शुभांगीचाच आला.

“पुण्याहून ना… हो, आला त्यांचा फोन. तेच सांगणार… काय? आधी नव्या कॉम्प्युटरचं?… बरं. चालेल, आधी ते बोलू.”

सविताला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच तिला लाज वाटली.

“नाही, लॅपटॉप नको आता. तू दिवसदिवस चित्रं काढत बसतेस, तो तापतो, मग रखडतो… हो ना. असेंबलच करू… अगं, एवढं भारी ग्राफिक्स कार्ड घेऊन काय करशील? तुझं सगळं काम हातानं काढायचं. त्यापेक्षा रॅम वाढवू… हो. स्क्रीन मात्र चांगला घे, रंग खरे दिसले पाहिजेत… कांद्याचा तो गुलाबी… हो, लक्षात आहे माझ्या.”

लक्षात नसायला काय झालं. शुभांगी मूळची लासलगावची. तिथल्या बाजार समितीत कांदा निवडणाऱ्या बायकांवर ती छोटी ॲनिमेशन फिल्म करत होती. एकेक चित्र पेन टॅब्लेटवर काढलेलं. एकदा दुकानात येऊन तिने त्यातला तुकडा दाखवला होता. एक म्हातारी उठते, पदर झटकते, आणि कांद्याची टरफलं वाऱ्यावर उडत जातात. एवढंच. पण सविताने ते पुन्हा लावायला सांगितलं होतं.

“आणि डिस्क दोन घेऊ… हो, दोन. एक कामाला, एक नुसती कॉपी ठेवायला. जमलं तर अजून एक आईकडे लासलगावला ठेव, घरात सगळं एका जागी नको… हो गं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जी पडली ती डिस्क मीच दिली होती ना तुला.”

“कोण, शेखर?… अजून बोलत नाही तुम्ही नवरा-बायको?… अगं, पण टेबल सरकवताना पडली. मुद्दाम का पाडली त्यांनी?… हो, कळतंय… रोज आपलं ताट घेऊन गॅलरीत बसतात?… काय म्हणालीस तू त्यांना?… ‘तू माझं काम मारलंस’… असं म्हणालीस?”

सविता स्टुलावर बसली. समोर उघडून ठेवलेला कुणाचा तरी कॉम्प्युटर होता. त्यातला एक स्क्रू ती बोटाने उगाच इकडून तिकडे ढकलत राहिली.

पडलेली डिस्क शुभांगी रुमालात गुंडाळून तिच्याकडे घेऊन आली होती. लावली तेव्हा आतून बारीक टकटक येत होती. असा आवाज आला की डिस्क लगेच बंद करायची, पुन्हा लावायची नाही, हे सविता गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. पण स्क्रीनवर फोल्डर दिसले. म्हातारीचं नाव दिलेलं फोल्डरही दिसलं. निघेल आपल्याच हातून, असं तिला वाटलं. तिने कॉपी लावली आणि ती चालू ठेवून सातपूरला एक प्रिंटर द्यायला गेली. परत आली तेव्हा टकटक थांबली होती. आतून खरखर येत होती, आणि फोल्डर गेले होते. मग तिने डिस्क, बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या पुण्याच्या एका लॅबला पाठवली. शुभांगीला म्हणाली, इथे निघत नाहीये, पाठवून बघू.

आज लॅबवाल्याने सांगितलं होतं, आतल्या चकत्या घासल्या गेल्यात. नुसत्या पडण्याने एवढं होत नाही. कुणीतरी ही बराच वेळ चालवलीय.

“शुभांगी, ऐक ना… नाही, स्क्रीनचं नंतर बघू. अगं, ऐक ना माझं… पुण्याचं सांगते. चित्रं नाही आली गं… नाही. आवाज आलेत. लिलावाचे, बायकांच्या बोलण्याचे, तू रेकॉर्ड केलेले, ते बरेचसे आलेत. चित्रं नाहीत… नाही, म्हातारीचंही नाही… हो, त्यांनी सगळं करून पाहिलं… रड. मी आहे फोनवर.”

बाहेर जिन्यात कुणीतरी मोठ्याने हसत खाली उतरलं.

“हं… हं… नाही. थांब. शेखरना काही बोलू नकोस.”

इथे नुसतं ‘हं’ म्हणून गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. डिस्क पडली होती हे तर खरंच होतं. नवरा-बायकोत आज ना उद्या गोडी झालीच असती, आणि कुणी काही विचारलं नसतं.

“त्यांच्यामुळे नाही गेलं ते… समजूत नाही काढत मी तुझी. ऐक. पडली म्हणून नाही गेली ती. माझ्याकडे आली तेव्हा त्यातलं सगळं दिसत होतं… हो, फोल्डर दिसत होते. मी कॉपी लावली आणि ती तशीच चालू ठेवून निघून गेले… सातपूरला. प्रिंटर द्यायला… येत होता आतून टकटक आवाज. मी ऐकला होता… हो. माहीत होतं मला. मी स्वतः दहा जणांना सांगते, चालवू नका म्हणून… का म्हणजे… तू म्हणाली होतीस ना, ताई काढतीलच. मला ते खरं करून दाखवायचं होतं.”

“नाही, सांगितलं नाही तुला. पाठवली तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही… हो, इतके दिवस… हो, आणि तू तिकडे त्यांच्याशी… हो गं. तेही माझ्यामुळेच.”

सविताने फोन कानापासून दूर धरून पाहिला. लागलेला होता.

“आहेस ना?… बोल. तुला जे म्हणायचं ते म्हण मला… काय?… आत्ता? घरी आहेत ते?… तू सांग ना त्यांना, तुझ्याकडून कळलेलं… बरं. खरंय तुझं. दे, मीच सांगते.”

पावलं वाजली. दार सरकल्याचा आवाज आला. शुभांगी हळू आवाजात काहीतरी म्हणाली, आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

“हॅलो… शेखर, मी सविता. कॉम्प्युटरच्या दुकानातून… हो, डिस्कचंच. तुमच्या हातून पडली ती, पण त्याने गेली नाही. माझ्या हातून गेली. खराब झालेली असताना मी ती चालवत ठेवली… हो, नक्की. पुण्याचा माणूस आज म्हणाला. पण मला डिस्कच्या आवाजावरून तेव्हाच कळलं होतं… नाही, तुमचं मन राखायला नाही म्हणत मी. तुम्हाला हवं तर त्यांचा नंबर देते… नको?… बरं.”

“हो, ऐकतेय… हो… मान्य आहे मला. माफी तरी कुठल्या तोंडाने मागू… नवा कॉम्प्युटर तुम्ही दुसरीकडून घ्या. काय काय टाकून घ्यायचं तेवढं लिहून पाठवते, म्हणजे फसवणार नाही कुणी… कुठून घ्यायचा, ते तिलाच विचारा. घाई नाही… शेखर?”

त्याने फोन कट न करताच कुठेतरी ठेवला असावा. लांबून दोघांचे आवाज येत होते. शुभांगी रडत होती, मधेमधे काहीतरी म्हणत होती, आणि तो फार थोडं बोलत होता. शब्द कळत नव्हते. मग नुसतं तिचं रडणं ऐकू येत राहिलं, त्याच्या खांद्यात तोंड खुपसल्यासारखं दबलेलं.

सविताला ते ऐकत राहावंसं वाटलं. तो तिला काय म्हणाला, ती त्याला काय म्हणाली, एवढं कळलं असतं तर तिला जरा बरं वाटलं असतं.

“ठेवते मी,” ती म्हणाली, आणि तिने फोन बंद केला.