भीतीवरचं भाषण

भीती या विषयावर मला यापुढे कोणी बोलायला सांगू नका. परवा नारपोलीच्या वाचनालयात जुन्या कथांमधल्या भीतीवर माझं भाषण होतं. चारी बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, त्यात मी घसा फोडून बोलतेय आणि लोक कानामागे हात धरून ऐकतायत.

मी सांगत होते, "हे जुने लेखक भूत लगेच दाखवत नाहीत. आधी सगळे आवाज बंद करतात."

आणि गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता.

तुम्ही भिवंडीचेच, तुम्हाला काय सांगायचं? लाइट आहे आणि भरदुपारी लूम थांबलेत, म्हणजे कुठेतरी आग लागलीय. मी पर्स उचलली, पुढ्यात बसलेल्या पाटीलकाकूंना ढकललं आणि अनवाणी थेट गल्लीत!

समोर लूमवाले सलीमभाई उभे. "मॅडम, आप बाहर क्यूँ आयी? काकू ने कहलवाया था, आपका भाषण सुनाई नहीं देता. इसलिए सबने लूम बंद किया. बोलो ना, आराम से."

मान खाली घालून आत आले. एकही माणूस जागचा हलला नव्हता. काकू कोपर चोळत होत्या. मी माफी मागणार, तोच त्या सगळ्यांना म्हणाल्या, "बघितलं ना? बायनी करून दाखवलं. भीती नुसती सांगून कळत न्हाय."

टाळ्या पडल्या. आणि मी, लाज सोडून, वाकून नमस्कार केला.