रिकामा रकाना

सात रस्त्याजवळच्या कार्यालयात महिला मेळ्याच्या स्टॉलसाठी रांग लागली होती. मोबाईलवर अर्ज पाठवल्याशिवाय खिडकीपाशी जाता येत नव्हतं. धनलक्ष्मीचा अर्ज भरून झाला होता, फक्त पाठवायचा राहिला होता. तिच्या पुढं मायलेकी उभ्या होत्या.

"लीले, नवऱ्याचं नाव इचारतंय की गं."

"सोड रिकामं, अव्वा."

"गेल्या वर्षी सोडलं, तर अर्जच घेतला न्हाय. मग दात-ओठ खात तुज्या बापाचं नाव घातलं."

"औंदा घेईल. हे अर्ज तपासणारा प्रोग्रॅम आता मी लिहिलाय."

"म्हंजे?"

"तू 'पाठवा' दाबलंस की एकेक रकाना मी जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमकडं येतो. आधीच्यांनी लिहिलं होतं, हा रकाना रिकामा आला की अर्ज परत. मी ती अटच काढली."

"आन् सायेब?"

"म्हणाले, माहिती अर्धवट राहते. मी म्हटलं, रकाना आपल्यापर्यंत पोचलाच नाही तर चूक आपली. रिकामा आला तर ते त्या बाईचं उत्तर."

"आसं सायबाला म्हणलीस?"

"व्हय."

"शेंगाची चटणी कुटून शिकवलं, ते उगं न्हाय!"

"दाब आता."

"थांब, चष्मा लावू दे... गेला! लीले, गेला बघ अर्ज!"

"हळू, अव्वा. लोक बघतायत."

"बघू देत की. माज्या लेकीनं लिवलंय."

धनलक्ष्मीनं मोबाईल वर घेतला. वर्षानुवर्षं घराकडं न फिरकलेल्या माणसाचं नाव तिनं एकेक अक्षर करत पुसलं, आणि 'पाठवा' दाबलं.