नसीरभाईंना काय मान्य होतं

विंडोज सोपं की लिनक्स, यावर तुमचं चाललंय म्हणून सांगते. दोन हजार तीनच्या आसपास मी नाशिकमध्ये कॉम्प्युटर बसवून द्यायची. सातपूरला नसीरभाईंचं पत्र्याचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप होतं. त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर होते, एकावर लिनक्स, दुसऱ्यावर विंडोज. लिनक्सवाल्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकताना माझा अख्खा दिवस गेला. एक फाईल टाकली की ते दुसरी मागायचं, दुसरी दिली की तिसरी. नसीरभाई शेजारी बसून शांतपणे बघत होते.

दुसऱ्या दिवशी विंडोजवाल्याची पाळी. मी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची सीडी घातली आणि म्हटलं, "हे बघा, हे किती सोपं आहे." दोनदा नेक्स्ट दाबलं. मग स्क्रीनवर सॉफ्टवेअर वापरायच्या अटींचा लांबलचक इंग्रजी करार आला. त्याच्याखालच्या 'मान्य आहे'वर क्लिक करायला गेले, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा ताई. काय मान्य आहे?"

"माहीत नाही. ते कोणी वाचत नाही."

"मग कालचं बरं होतं. काय कमी आहे ते सांगून अडायचं तरी."

मी हसले. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. दोन बोटं अर्धीच होती.

"पत्रा कापायच्या पॉवर प्रेसमध्ये गेली. नवीन होतो तेव्हा. मिस्त्रीने विचारलं, समजलं ना सगळं? मी न समजताच हो म्हटलं."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा तो करार वाचला, एकेक ओळ त्यांना मराठीत सांगत. पाऊण तासाने ते म्हणाले, "ठीक आहे. आता दाबा."