न वापरलेली शपथ

कसब्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांना भेटून बाहेर आलेलं जोडपं पूर्णिमाताईंच्या शेजारी टेकलं. पूर्णिमाताईंनी मासिक उघडलं आणि कान तिकडे लावले.

"ऐकलंस ना, विमल? लिव्हर बिघडलं ते साखरेच्या नव्या गोळीनं. गोळी बंद केली की सुधारेल."

"देव पावला हो!"

"आणि तू मला गणपतीसमोर दारू सोडायची शपथ घ्यायला लावलीस."

"मुकाट्यानं घेतलीत ना?"

"जन्मात थेंब घेतला नाही, सांगितलं होतं."

"सगळे पिणारे तेच सांगतात. बरं, चुकलं माझं."

"पुन्हा म्हण."

"एकदा पुरे."

"मग त्या शपथेचं काय?"

"कोरीच आहे की. आपला अभिनव आयटीत लागलाय, शनिवारच्या पार्ट्या सुरू होतील. त्याला होईल."